पंखाचा कानोसा

कानोसा खोटं बोलतोय, असं दाजी म्हणाले तेव्हा पेल्यातला चहासुद्धा हललेला नव्हता.

खाली मंगळवेढ्याचं काळं रान पसरलं होतं आणि त्यावर पौषातला जोंधळा मुठीएवढी कणसं घेऊन उभा होता. वर निळं, रितं आभाळ. नऊ हजार फुटांवर दख्खनविहारचं चार आसनी विमान पाण्यातल्या बदकासारखं सरळ चाललं होतं. आणि त्या शांततेत, कुणाच्या घरात शिरताना आधी खाकरावं तसा बारीक सूर काढून, कानोसा बोलला होता: "डावा पंख. मूळ. चौदा मिनिटं."

चालकाच्या खुर्चीत शलाका बोंद्रे होती. तिच्या मागच्या घडीच्या बाकड्यावर बसले होते हणमंत सुतार, तिचे दाजी, थोरल्या बहिणीचे म्हणजे अक्काचे यजमान, दख्खनविहारच्या कारखान्यातले सगळ्यांत जुने मिस्त्री. लातूरला एक यंत्र अडलं होतं म्हणून निघाले होते, असं ते म्हणाले होते. शलाकाला सकाळी चिपीच्या धावपट्टीवर त्याचं नवल वाटलं होतं, कारण गेले चार महिने दाजी विमानात पाऊल टाकत नव्हते. शिवाय निघण्याआधी त्यांनी खिशातलं जुनं रुपयाचं नाणं काढून डाव्या पंखाच्या मुळाशी टकटक वाजवून पाहिलं होतं. मिस्त्री लोक तसं करतात. धड पंख खणखणीत बोलतो, आतून सुटलेला पंख बोदा. पण दाजींनी उजवा पंख वाजवला नाही, हे तिच्या मनात कुसळासारखं राहून गेलं होतं.

"थंडीनं कुरकुरतोय," दाजी म्हणाले. "कराडला केलं तेच करतंय येडं. तू चाल सरळ."

कानोसा म्हणजे काय, हे कराडनंतर गावोगावच्या पारावर माहीत झालं होतं. या नव्या विमानांचे पंख धातूचे नसतात. केसाहून बारीक कोळशाचे लाखो धागे चिकात भिजवून, थरावर थर देऊन ते घडवतात. असा पंख मोडतो तो एकाएकी मोडत नाही. आधी एक धागा तुटतो, मग त्याचा भार घेतलेला शेजारचा. तुटताना प्रत्येक धागा टिचकी वाजावी तसा आवाज करतो, पण इतका उंच की तो कुत्र्याच्या कानालाही लागत नाही. कानोसा म्हणजे पंखात पेरलेल्या काचेच्या तारा आणि त्यांना जोडलेलं यंत्र. ते त्या टिचक्या मोजतं, कुठून आल्या ते ओळखतं, आणि त्यांची लय कशी वाढते त्यावरून पंख केव्हा तुटेल ते सांगतं. पूर्वी पंख का मोडला ते जमिनीवर तुकडे जुळवून शोधायचे. आता तो मोडण्याआधीच माणसं खाली उतरतात. प्रत्येक खुर्चीच्या पाठीत छत्री असते. पायाखालची फळी सरकते, खुर्ची माणसासकट खाली सुटते, विमानाला बांधलेली दोरी ताणून छत्री उघडते.

हे कागदावर देखणं होतं. कराडवर मात्र कानोशानं नऊ मिनिटं सांगितली, माणसं सुटली, आणि रिकामं विमान आपलं आपण उडत जाऊन धावपट्टीवर सुरेख उतरलं. एक शाळामास्तरीणबाई गच्चीच्या कठड्यावर आदळल्या होत्या. त्या अजून उठलेल्या नाहीत. दाजींनी तो पंख तीन आठवडे उलटासुलटा तपासला. एवढीसुद्धा भेग नव्हती. वरच्या आभाळातल्या थंडीनं चीक आवळला होता, इतकंच. दाजी त्या बाईंना बघायला इस्पितळात गेले, आणि परत आल्यावर पंधरा दिवस जेवणाच्या ताटावर कुणाशी बोलले नाहीत, असं अक्का सांगायची.

म्हणून शलाकानं लगेच कळ दाबली नाही. ते दाजी होते. तिला पहिल्यांदा इंजिनाचं पोट उघडून दाखवणारे. ती बारा वर्षांची असताना, ही मेहुणी आभाळात जाणार, आम्हाला खालूनच हात करत बसायचं, असं चारचौघांत चिडवणारे. त्यांनी खोटं म्हटलं तर खोटंच असणार. सोलापूरची धावपट्टी अठरा मिनिटांवर होती, ती चौदात बसत नव्हती, आणि उतरताना पंखावर ताण आणखी वाढतो. तरी दोन मिनिटं ती नुसती कान देऊन बसली. विमान गुणगुणत होतं. काहीच बिघडलं नव्हतं.

मग तिची नजर कानोशाच्या पडद्यावर गेली.

पंखात किरकोळ टिचक्या नेहमीच होत असतात. धड पंखाचा पडदाही कधी कोरा नसतो, त्यावर खसखस सांडल्यासारखे ठिपके असतातच. तिनं शिकताना तेच पहिलं पाहिलं होतं. आता पडद्यावर ठसठशीत रेघा उमटत होत्या, एकीला लागून एक. पण खसखस नव्हती. रेघांच्या मागचा पडदा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ होता. तिला आठवलं की तो गेले कित्येक दिवस असाच होता, आणि आपण मनाशी म्हणत होतो की विमान तब्येतीनं छान आहे.

ऐकायचं कुठून आणि सोडून द्यायचं कुठवर, याची यंत्रात एक पायरी असते. तिला उंबरठा म्हणतात. कुणीतरी तो उचलून वर ठेवला होता. बारीक टिचक्या आत येतच नव्हत्या. मोठ्या तेवढ्या येत होत्या.

तिनं वळून पाहिलं. दाजी तिच्याकडे बघत नव्हते. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"दाजी, उंबरठा कुणी उचलला?"

त्यांनी उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात तिला उत्तर मिळालं होतं.

"पुन्हा कुणाची बाई गच्चीवर पडू नये म्हणून," ते म्हणाले. "मला वाटलं, मोठं काय असेल ते ऐकेलच की."

"मग चौदा नाहीत. किती?"

दाजींनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते, आकडे मांडत होते. तिला त्या क्षणी त्यांची दया आली नाही, हे तिला नंतर फार दिवस टोचत राहिलं. तिला एवढंच दिसत होतं की हे माणूस दोन मिनिटं आपल्याला सरळ चाल म्हणत होतं. ते यंत्राला खोटं पाडत होतं की स्वतःला वाचवत होतं?

"सात," दाजी म्हणाले. "त्यातली दोन गेली."

मागे तीन प्रवासी होते. रणदिवे आणि काझी हे जमीन मोजणीचे दोघे, आणि खिडकीशी मंगलबाई ढोबळे, मुलाकडून परत गावी निघालेल्या, नऊवारी नेसलेल्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. शलाकानं त्यांना सांगितलं तेव्हा काझींनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्याकडे. ही कवायत आहे का, असं त्यांनी विचारलं. रणदिवे म्हणाले की कराडच्या लोकांनाही असंच सांगितलं होतं, आणि विमान त्यांच्या आधी घरी पोचलं. दोघांच्या डोळ्यांत एकच गोष्ट होती. तुम्ही आम्हाला फसवताय. शलाकाला ती ओळखीची वाटली, कारण अर्ध्या मिनिटापूर्वी तीच गोष्ट घेऊन ती दाजींकडे बघत होती. समजावत बसायला वेळ नव्हता. मीही तुमच्या मागून सुटणार आहे, एवढंच ती म्हणाली, आणि कळ दाबली.

कराडनंतर कायदा झाला होता की माणसाला त्याच्या मर्जीशिवाय खाली सोडायचं नाही. यंत्रानं विचारायचं, माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. यंत्र प्रत्येक खुर्चीशी वेगळं बोललं: "आपण विमान सोडून जात आहात का? स्पष्ट सांगा."

काझींनी डोळे मिटून सांगितलं, जातो. पायाखालची फळी सरकली, वाऱ्याचा लोट आत आला, आणि जिथे माणूस होता तिथे चौकोनी उजेड राहिला. रणदिवे त्या उजेडाकडे बघत राहिले. त्यांना तीनदा विचारावं लागलं. मग तेही गेले.

मंगलबाईंनी पिशवी पोटाशी धरली, पदर खोचला, यंत्राकडे बघून मान डोलावली आणि म्हणाल्या, "येते."

"आपण येत आहात," यंत्र म्हणालं. "आपली जागा राखून ठेवली आहे."

"येते म्हन्ते न्हवं बाई. येते."

"आपला निर्णय स्पष्ट नाही. दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं जाईल." आणि खुर्चीच्या कड्या खटकन आवळल्या गेल्या.

शलाका सहा वर्षं ही विमानं उडवत होती. कायदा झाल्यापासून दोनदा कवायत झाली होती, आणि सगळ्यांनी हातातल्या कार्डावरून 'जातो' हा शब्द मोठ्यानं वाचला होता. हे यंत्र कुठल्या मुलखात घडलं कोण जाणे, पण ज्यांनी घडवलं त्यांच्या घरी निघताना माणसं काय म्हणतात ते त्यांनी विचारलं नव्हतं. आणि इथल्या कुणालाही ते सांगायचं सुचलं नव्हतं, तिलासुद्धा नाही.

तिनं मागे वळून ओरडूनच सांगितलं की मावशी, दोन मिनिटांनी विचारील तेव्हा फक्त जाते म्हणा. म्हातारी ठाम होती. "दारातनं निघताना तसलं म्हनू नै. आन् हितं तर दारच आभाळात हाय."

दोन मिनिटं नव्हती. पडद्यावरच्या रेघा आता एकमेकींत मिसळून काळा पट्टा झाला होता.

दाजी तोवर उठले होते. त्यांच्या घडीच्या बाकड्याला छत्री नसते, आणि हे विमानात बसताना त्यांना माहीत होतं. आज ते का बसले, हा प्रश्न शलाकाच्या मनात पहिल्यांदाच नीट उभा राहिला. नाणं वाजवून त्यांनी काय ऐकलं होतं? ऐकलं असेल, तर विमान थांबवलं का नाही? आणि थांबवायचं नव्हतं, तर सोबत का आले?

त्यांनी पाना काढला आणि मंगलबाईंच्या खुर्चीमागची छत्रीची थैली चार बोल्ट फिरवून सोडवली. सामान बांधायचे पट्टे ओढले, म्हातारीचा कमरपट्टा कापला, तिला उठवून स्वतःच्या छातीशी पाठमोरी धरली. मंगलबाई कडक आवाजात म्हणाल्या की परक्या बाप्याला हात लावू द्यायला आपण काही नवरी नाही. दाजींनी सांगितलं की त्यांना घरी अक्का आहे, आणि ती याहून कडक आहे. बोलता बोलता ते पट्टे आवळत होते.

"छत्रीला दोघांचं वजन पेलेल?" शलाकानं विचारलं.

"खुर्ची इथंच राहतेय, ती एक्कावन्न किलोची. मी त्रेसष्ट. छत्रीला कळणारपण नाही."

हिशोब बरोबर होता. तरी तिनं विमान आपोआपवर टाकलं, उठून मागे आली आणि एकेक कडी स्वतः ओढून पाहिली. या माणसाची कडी तपासायची वेळ आपल्यावर येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. म्हातारीच्या चारही कड्या पक्क्या होत्या. दाजींच्या दोन्ही खांद्यांवरच्या कड्या अडकवलेल्या दिसत होत्या, पण त्यांच्या खिळी उघड्या होत्या. छत्री उघडताना हिसका बसला असता, तर मंगलबाई वर राहिल्या असत्या आणि दाजी निसटले असते.

तिनं दाजींकडे पाहिलं. ते खालच्या चौकोनी उजेडाकडे बघत होते.

तिनं एक खीळ लावली, मग दुसरी. दोन्ही वेळा खटका वाजला. मग तिनं त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला, आणि तो हात ढकलण्यासाठी होता की धरून ठेवण्यासाठी, हे तिचं तिलाही ठरवता आलं नाही. दोरीचं टोक तिनं चौकटीच्या कडीत अडकवलं. दाजी म्हातारीला घेऊन काझींच्या रिकाम्या चौकोनातून खाली गेले.

खाली, खूप खाली, पांढरं कमळ उमललं.

उत्तरेकडे गावं नसलेला उघडा माळ होता. तिनं विमानाचं तोंड तिकडे हलकेच वळवलं, झोपलेल्या लेकराची कूस बदलावी तसं. खुर्चीत बसली. यंत्रानं विचारलं. आयुष्यात कुठल्याच दारातून निघताना तिनं तो शब्द उच्चारला नव्हता.

"जाते," ती म्हणाली.

पडणं असं वाटलंच नाही. जग वर गेलं. मग हिसका, मग शांतता, आणि पायांखाली जोंधळा हळूहळू मोठा होत येऊ लागला. तिनं वर पाहिलं. विमान माळाकडे चाललं होतं, लखलखीत, अख्खं. तिनं मनात मोजायला घेतलं. दहा. वीस. विमान चाललंच होतं. तीस झाले तेव्हा तिला स्वतःच्या मनात काय चाललंय ते कळलं आणि ती हादरली. ती पंख तुटावा म्हणून वाट बघत होती.

तो तुटला. आवाजाशिवाय, पान मिटावं तसा डावा पंख वर मिटला आणि विमान कुशीवर वळून माळात शिरलं. मग काही वेळानं आवाज आला.

जोंधळ्यानं तिला अंगावर झेललं. पट्टे सोडवून ती कणसं बाजूला सारत धावली. पाखरं राखायला शेतातल्या लाकडी माळ्यावर चढलेली एक बाई गोफण हातात तशीच धरून एका बाजूला बोट दाखवत होती. तिकडे पांढरं कापड पिकावर पसरलं होतं. त्याच्या काठाशी मंगलबाई बसून केसांतली कुसळं काढत होत्या आणि पिशवीत सगळं आहे का बघत होत्या. दाजी ढेकळात पाय पसरून बसले होते. त्यांचा घोटा सुजला होता. काझी आणि रणदिवे दोन रानं पलीकडे उभे होते, दोघे एकमेकांना धरून.

दाजींनी सांगितलं की खाली येताना म्हातारी सारा वेळ गात होती. मंगलबाई म्हणाल्या, गात कशाला, भ्या वाटलं तर तोंडाला काहीतरी लागतं. त्यांनी ते पुन्हा म्हणून दाखवलं, जात्यावरच्या चालीत, डोळे न उचलता:

वाऱ्या रं बापा वाऱ्या, हळू धर माझा हात
माझ्या लेकीच्या वाटंला, उभा जोंधळा रानात

शलाका दाजींच्या समोर उकिडवी बसली. खिळींबद्दल तिनं विचारलं नाही. नाण्याबद्दलही नाही. ते विचारायला पुढे सगळं आयुष्य होतं, आणि कदाचित ती कधीच विचारणार नव्हती. आता विचारायची गोष्ट वेगळी होती, आणि ती आभाळात होती.

"किती विमानांचा उंबरठा उचललात?"

"हे एकच," दाजी म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तीस वर्षांचं नाव, कारखान्यातल्या पोरांचा गुरू, अक्काचा नवरा, हे सगळं तिला त्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्याच्यामागे लपून बसलेला एक भेदरलेला माणूसही. पलीकडे माळावर धूर सरळ वर चढत होता.

"अकरा," दाजी म्हणाले. "सगळी."

"आत्ता वर किती आहेत?"

"पाच. हे होतं तेव्हा सहा."

खांद्यावरच्या रेडिओवर तिनं नियंत्रण कक्ष पकडला आणि सांगितलं की दख्खनविहारची पाचही विमानं ताबडतोब खाली घ्या, जवळ जे सपाट असेल तिथे, त्यांचे कानोसे बहिरे आहेत. पलीकडचा माणूस गोंधळला. हे कोण सांगतंय, कशावरून सांगतंय, यंत्रं तर सगळं ठीक म्हणतायत, असं तो विचारू लागला. त्याच्या आवाजात संशय होता आणि त्याचं काही चुकत नव्हतं. कुणाच्या शब्दावर मी पाच विमानं उतरवू, तो म्हणाला.

शलाका सांगू शकली असती. तिनं तोंड उघडलंही होतं. पण दाजींनी हात पुढे केला. तिनं क्षणभर विचार केला आणि रेडिओ त्यांच्या हातात दिला.

"हणमंत सुतार, मिस्त्री," ते म्हणाले. "उंबरठा मी उचललाय. चार महिन्यांमागं. माझ्या शब्दावर उतरवा."

पलीकडच्या माणसानं विमानांचे क्रमांक मागितले, आणि दाजी अडखळले. कारखान्यात ते विमानांना क्रमांकानं हाक मारत नसत. वडलांच्या गोठ्यातल्या गाईंची नावं त्यांनी एकेकीला ठेवली होती, आणि आता आकडे जिभेवर येतच नव्हते. "कपिली," ते म्हणाले. "कपिली म्हणजे... चौदा. बाणी, सतरा. हरणी एकवीस. मोरी बावीस." आणि मग, खूप हळू, "चांदी. नऊ."

पहिलं उत्तर आलं, चौदा वळतंय. मग सतरा. एकवीस जवळ होतं, ते आधीच उतरू लागलं होतं. बावीसच्या चालकानं वाद घातला आणि मग मुकाट्यानं विमान वळवलं. नऊचं उत्तर येईना. पलीकडचा माणूस पुन्हा पुन्हा तो आकडा म्हणत होता. दाजींनी रेडिओ दोन्ही हातांत धरला होता, ओंजळीत पाणी धरावं तसा. माळ्यावरची बाई खाली उतरून जवळ येऊन उभी राहिली होती. वाऱ्यानं कणसं एकमेकांवर घासत होती.

मंगलबाईंनी केसांतलं शेवटचं कुसळ काढलं आणि विचारलं, "चांदी कोन? गाय हाय का घरची?"

दाजींनी मान डोलावली.

रेडिओ खरखरला. नऊ लातूरच्या धावपट्टीवर टेकलं होतं. उतरण्याच्या धांदलीत चालकाला ऐकू गेलं नव्हतं.

"काय म्हनाला त्यो?" मंगलबाईंनी विचारलं. "आली का?"

दाजींनी रेडिओ कपाळाला टेकवला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून शलाकानंच सांगितलं, "आली."